विलायती बीअर आणि गोदावरीचें पाणी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या कपाळास आठी पडेल, याची मला कल्पना आहे. निवृत्त शाळामास्तरानें बीअरवर बोलावें, आणि तेंही घराघरांत ऐकूं जाणाऱ्या या यंत्रावरून, हें कित्येकांस शिष्टसंमत वाटणार नाहीं. परंतु मी येथें मद्याची भलावण करण्यास बसलों नाहीं, आणि त्याची निर्भर्त्सना करण्यासही नाहीं. जो माल समुद्रापलीकडून येतो अशी आपली समजूत असते, तो खरोखर कोठून येतो याचा शोध घेऊं लागलें म्हणजे इतिहासाचा केवढा मोठा पट उलगडतो, तेवढें मला दाखवावयाचें आहे. आणि त्या कामीं बीअरइतका बोलका माल दुसरा क्वचितच सांपडेल.

आमचें पालम हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. रेल्वेचा रूळ गांवास शिवलेला नाहीं. गाडी धरावयाची तर गंगाखेडास जावें लागतें. अशा गांवींही आज परमिट रूम आहे, आणि तिच्या कांचेच्या कपाटांत डेन्मार्कचें, हॉलंडचें नांव मिरविणाऱ्या हिरव्या बाटल्या ओळीनें उभ्या असतात. महिन्यांतून एखाद्या संध्याकाळीं दोघां स्नेह्यांसह मी तेथें बसतों, हें लपविण्याचें कारण नाहीं. बशींत खारे शेंगदाणे, शेजारीं लिंबू पिळलेला कांदा, गार पेल्यावर बोटभर फेंस, आणि दिवसभरच्या उन्हानंतर पहिल्या घोटाचा तो किंचित् कडवट गारवा! मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत याहून सुखाच्या गोष्टी थोड्याच. माझे स्नेही म्हणतात, "गुरुजी, आपण पालमांत बसून युरोप पितों." मास्तराला वाक्य तपासून घेण्याची खोड असते. मीं चष्मा पुसून बाटलीवरचीं बारीक अक्षरें वाचलीं. पुढच्या बाजूस कोपनहेगनचें नांव होतें. मागें औरंगाबाद जिल्ह्याचा पत्ता होता.

तेव्हां हा युरोप आपल्याकडे कसा आला आणि येतां येतां वाटेंत त्याचें काय काय गळून पडलें, हें पाहूं.

बीअर म्हणजे काय, तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सातू भिजवून त्यास मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, ऊन पाण्यांत त्यांतली गोडी उतरवावयाची, हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तें पाणी उकळावयाचें, आणि निवाल्यावर यीस्ट घालून आंबवावयाचें. बव्हेरियाच्या ड्यूकांनीं १५१६ सालीं जो नियम घालून दिला त्यांत पाणी, सातू आणि हॉप्स एवढे तीनच पदार्थ मान्य केलेले आहेत. यीस्टचें नांव त्यांत नाहीं. कारण तो एक सजीव पदार्थ आहे, हें त्या काळीं कोणास ठाऊकच नव्हतें. या सगळ्यांत पाण्याचा वांटा शेंकडा नव्वदांहून अधिक असतो. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढची सारी कथा वस्तुतः त्या पाण्याची आहे.

अठराव्या शतकांत मुंबईस, मद्रासेस आणि कलकत्त्यास राहणाऱ्या इंग्रजांस बीअर हवी असे, पण ती येथें करतां येत नसे. आमच्या उष्ण हवेंत आंबवण लवकर नासतें आणि आंबट होतें. शिवाय हॉप्सचा वेल पडला थंड देशाचा. मग उपाय एकच उरला. सगळें पेय, पाण्यासकट, पिंपांत भरून समुद्रावरून आणावयाचें! नव्वद भाग पाणी अर्ध्या जगास वळसा घालून वाहून आणणें हा आज वेडेपणा वाटेल. पण जहाजांच्या हिशेबांत तो बसत होता. हिंदुस्थानांतून विलायतेस जाणारीं ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें कापड, नीळ आणि सोरा यांनीं भरून जात. उलट तिकडून येतांना त्यांत पुष्कळ जागा मोकळी राही. कंपनीच्या कप्तानांस व अधिकाऱ्यांस कांहीं मर्यादेंत स्वतःचा खासगी व्यापार करण्याची मुभा होती. ते चीज, मद्य, टोप्या, कांचसामान आणि बीअरचीं पिंपें भरून आणीत, आणि येथील गोऱ्या वस्तींत तीं चढ्या भावानें विकीत.

लंडनच्या पूर्वेस बो म्हणून एक भाग आहे. तेथें जॉर्ज हॉजसन याची बीअरची भट्टी होती. कंपनीचीं जहाजें लागत तो ब्लॅकवॉलचा धक्का तेथून जवळ. हॉजसनची बीअर लंडनांत सर्वोत्तम होती असें नव्हे. पण तो शेजारी होता, आणि कप्तानांस वर्ष-दीड वर्षाची उधारी देत असे. शेजार आणि उधारी यांनीं व्यापारांत किती जणांस कीर्ति मिळवून दिली, याची मोजदाद एकदां कोणी करावयास हवी.

हीं पिंपें केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोन वेळां ओलांडून, चार ते सहा महिन्यांनीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागत. हॉप्स सढळ हातानें घातलेली ती फिकट रंगाची बीअर वाटेंत नासण्याऐवजीं मुरून, परिपक्व होऊन उतरे. ही बीअर खास हिंदुस्थानासाठींच शोधून काढली अशी एक आख्यायिका इंग्रजी पुस्तकांतून वारंवार आढळते. ती फारशी खरी नाहीं. ऑक्टोबर महिन्यांत करून तळघरांत वर्ष-दोन वर्षें मुरत ठेवावयाची कडक बीअर इंग्लंडांतील जमीनदारांच्या घरीं आधींपासून होतच असे. तळघरांत ज्यास वर्षें लागत तेंच काम उष्ण समुद्रावर हेलकावे खात कांहीं महिन्यांत झालें, एवढेंच.

पुढें हॉजसनच्या वारसांस लोभ सुटला. १८२० नंतर त्यांनीं उधारी आंखडली, भाव चढविले आणि कप्तानांस बाजूस सारून आपणच हिंदुस्थानांत माल विकण्याचा घाट घातला. कंपनीचे लोक दुखावले. तेव्हां कंपनीचे एक डायरेक्टर कँबेल मार्जोरीबँक्स यांनीं १८२२ च्या सुमारास बर्टन गांवच्या सॅम्युएल ऑल्सप यास भोजनास बोलावून हॉजसनची बीअर त्याच्यापुढें ठेवली आणि अशी करतां येईल काय म्हणून विचारलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ऑल्सपचा धंदा बाल्टिक समुद्राकडील बाजारपेठ गेल्यामुळें बसलेला होता. त्यास नवी पेठ हवीच होती. त्याचा कारागीर जॉब गुडहेड यानें पहिला नमुना चहाच्या किटलींत उतरविला म्हणतात. किटलीची गोष्ट खरी असो वा नसो, पुढचा परिणाम खरा आहे. थोड्याच वर्षांत ऑल्सप आणि बास या बर्टनच्या दोन पेढ्यांनीं हॉजसनला हिंदुस्थानच्या बाजारांत मागें टाकलें.

याचें कारण बर्टनचें पाणी. तेथल्या विहिरींचें पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येतें. त्या क्षारांमुळें हॉप्सचा कडवटपणा खुलतो आणि बीअर निवळ उतरते. लंडनच्या पाण्यांत हा गुण नव्हता. म्हणजे मुंबईचा कलेक्टर किंवा पलटणीचा कप्तान जी बीअर वाखाणून पीत असे, तिच्यांत तो बर्टनची भूमीच पीत होता. त्या काळीं विलायती बीअर ही अक्षरशः विलायती होती, कारण तिचें पाणी विलायतेचें होतें.

साधा गोरा शिपाई मात्र ही फिकट बीअर पीत नसे. त्याच्यासाठीं काळसर, जाड चवीची पोर्टर बीअर येई, आणि तीही प्रचंड प्रमाणांत. फिकट बीअर हें साहेबलोकांचें पेय होतें. इंग्रजांच्या वर्णभेदाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतों. त्यांचा आपसांतील पंक्तिभेदही कांहीं कमी नव्हता.

पिंप आलें, तरी तें गार कसें करावयाचें? साहेबाच्या घरीं आबदार नांवाचा एक स्वतंत्र चाकर असे. पाणी आणि मद्य गार करणें हेंच त्याचें काम. सोरा पाण्यांत विरघळला म्हणजे पाणी थंड होतें. त्यांत बाटली फिरवावयाची, किंवा तिला ओलें फडकें गुंडाळून वाऱ्यावर टांगावयाची. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून बर्फाचें जहाज कलकत्त्यास आलें आणि पुढच्याच वर्षीं मुंबईकरांनींही तें बर्फ पाहिलें. जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आइसक्रीम वाढलें, तेव्हां यजमान आणि पाहुणे या दोघांसही पडसें झालें, असें 'मुंबई समाचारा'नें छापलें होतें. तळ्यांवर गोठलेलें बर्फ भुशांत गुंडाळून चार महिन्यांच्या प्रवासानें येथें यावें, आणि तें दुसऱ्या खंडांतून आलेल्या बीअरच्या पेल्यांत पडावें, हा थाट आजच्या श्रीमंतांसही साधणार नाहीं.

या सगळ्यांत आमचा मराठी माणूस कोठें होता? तो पिंपें उतरवीत होता, बाटल्या पुशीत होता, आणि अबकारी भरीत होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मोहाची आणि ताडामाडाची दारू सरकारच्या घट्ट मुठींत आली; गांवची भट्टी बंद, मक्तेदाराचें दुकान चालू. दारूच्या दोन जाती ठरल्या, देशी आणि विलायती. देशी पिणारा तो दारुडा, आणि विलायती पिणारा तो सुधारलेला, हा भेद आमच्या सुशिक्षितांनीं निमूटपणें उचलला, आणि मला वाटतें तो अद्यापि पुरता सोडलेला नाहीं. पुण्यांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर निरोधन केलें. आणि १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नें तर मद्यपान हें मराठी घरांत घरबुडवेपणाचें दुसरें नांव करून टाकलें. त्या नाटकांतील आर्य मदिरा मंडळास आमचे आजे-पणजे खदखदां हंसले आणि घरीं येऊन मुलांस शपथा घालते झाले. माझ्या तालुक्यांत अजूनही बीअर पिणारा माणूस परमिट रूममध्यें मागच्या दारानें शिरतो, याचें थोडें श्रेय गडकऱ्यांस दिलें पाहिजे.

आतां जहाजाची गोष्ट संपत आली. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला आणि लंडन-मुंबईचा मार्ग चार हजारांहून अधिक सागरी मैलांनीं तोकडा झाला. परंतु कालव्यापेक्षांही मोठा पालट युरोपांतील प्रयोगशाळांत होत होता. १८४२ सालीं बोहेमियांतील पिल्झेन गांवीं योझेफ ग्रोल यानें सोनेरी रंगाची, स्वच्छ लागर बीअर केली. आज जगांत जी बीअर सर्वांत अधिक खपते ती तिचीच वंशज. १८४७ सालीं कोपनहेगनजवळ याकोबसेन यांनीं कार्ल्सबर्गचा कारखाना काढला. १८६४ सालीं हायनकेन यांनीं ॲम्स्टरडॅमची एक जुनी भट्टी विकत घेतली. लुई पाश्चर यांनीं १८७६ सालीं बीअरवर ग्रंथच लिहिला आणि ती नासते ती सूक्ष्म जंतूंमुळें, हें दाखविलें. १८८३ सालीं कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यांनीं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढविण्याची रीत बसविली, आणि नवल असें कीं कारखान्यानें ती रीत स्वतःपाशीं दडवून ठेवली नाहीं, ती इतरांसही खुली केली. त्याच सुमारास जर्मनींत लिंड यांचें शीतयंत्र बीअरच्या कारखान्यांत आलें. गारवा यंत्रानें करतां येऊं लागला, यीस्ट नळीतून नेतां येऊं लागलें. मग पाणी वाहून नेण्याचें प्रयोजन काय?

हिंदुस्थानांत बीअर करण्याची सुरुवात अर्थातच डोंगरावर झाली, कारण गारवा तेथें फुकट होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडवर्ड डायर यानें कसौलीस भट्टी काढली. जालियनवाला बागेंत गोळीबार करविणारा जनरल डायर तो याचाच मुलगा. पुढें यंत्रें आलीं तसे कारखाने मैदानांत उतरले. दक्षिणेंत टॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थानें १९१५ सालीं पांच कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी उभारली, आणि १९४७ सालीं विठ्ठल मल्ल्या हे तिचे पहिले हिंदी डायरेक्टर झाले.

मुंबईच्या बड्या हॉटेलांत मात्र परदेशी बाटलीचा मान कायम होता. १९०३ सालीं उघडलेल्या ताजमहाल हॉटेलांत १९३३ पासून हार्बर बार चालत आला आहे. कुलाब्याचें १८७१ सालचें लिओपोल्ड आणि १९३२ सालचें माँडेगार हीं मूळचीं इराण्यांचीं दुकानें; बीअरसाठीं त्यांची कीर्ति झाली ती पुष्कळ नंतर. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर कितीही वेळ बसावें आणि कोणी ऊठ म्हणूं नये, ही जी मोकळीक मुंबईच्या मध्यमवर्गानें चहाच्या एका कपावर भोगली, तीच पुढें बीअरच्या पेल्यास लाभली. आपल्या आवडत्या बारचें सुख बाटलींत थोडें आणि या बैठकींत फार असतें, असें माझें मत आहे.

त्यानंतर आली दारूबंदी. १९३९ च्या १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत ती लागू केली. अबकारी खातें डॉ. गिल्डर यांच्याकडे होतें. महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि ती योजना ढासळली. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्यांत बंदी आली. बालसरा नांवाच्या एका पारशी गृहस्थांनीं या कायद्यास न्यायालयांत आव्हान दिलें. १९५१ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें औषधें आणि सुगंधी द्रव्यें यांवरील निर्बंध रद्द केले, पण मद्यावरील बंदी उचलून धरली, आणि बीअर मद्यांतच गणली गेली. प्रकृतीसाठीं मद्य आवश्यक आहे असा डॉक्टरी दाखला मिळविणारांस परवाना मिळे. असा परवाना ज्याच्यापाशीं आहे त्यानेंच बसावयाची खोली ती परमिट रूम. साठीनंतर बंधनें हळूहळू सैल होत गेलीं, पण तो शब्द पाटीवरून उतरला नाहीं. आजही महाराष्ट्रांत बीअर विकण्याचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्या कायद्याखालीं, ही मौज परदेशी पाहुण्यास समजावून सांगणें कठीण आहे.

आमची परभणी या सगळ्यापासून दूर होती, कारण ती निजामाच्या राज्यांत होती. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही लहान मापाची रेल्वे परभणीवरून गेली. मुंबईचा माल मनमाडास मोठ्या गाडींतून लहान गाडींत चढे आणि निजामाच्या हद्दींत शिरतांना त्यावर करोडगिरी, म्हणजे निजामाची स्वतंत्र जकात, भरावी लागे. मुंबई बंदरांत एक कर भरून आलेली विलायती बाटली येथें पुन्हां परदेशी ठरे. अर्थात् ती जात असे सिकंदराबादच्या छावणीकडे आणि अमीर-उमरावांच्या हवेल्यांकडे. पालमच्या वाट्यास येई ती शिंदी आणि मोहाची. अबकारी हें त्या राज्याच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन होतें. म्हणूनच १९४७-४८ च्या लढ्यांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील कार्यकर्त्यांनीं करोडगिरीचीं नाकीं जाळलीं आणि शिंदीचीं झाडें तोडलीं. झाड तोडण्यांत मद्यनिषेध होता त्याहून अधिक खजिन्याची नाकेबंदी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९५९ सालीं दारूबंदीचा कायदा आमच्याकडे लागू झाला, आणि त्याच्या मागोमाग परमिट हा शब्द.

आतां बाटलीच्या मागच्या पत्त्याकडे येतों. पैठणास गोदावरीवर जायकवाडीचें धरण बांधण्याचें ठरलें. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं पायाभरणी केली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. धरण मुख्यतः शेतीसाठीं. त्याचा डावा कालवा दोनशें आठ किलोमीटर लांबीचा असून तो आमच्या परभणी जिल्ह्यांत येतो. पण धरणाबरोबर औरंगाबादेस बारमाही पाणी आलें, औद्योगिक वसाहती आल्या, आणि मागास भागांत कारखाना काढणारांस सरकारी सवलती होत्याच. बीअरच्या कारखानदारास पाणी, जमीन आणि सवलत या तिन्ही गोष्टी एके ठिकाणीं मिळाल्या. १९९८ सालीं ऑस्ट्रेलियाची फॉस्टर्स तेथें आली, २००६ सालीं सिंगापूरच्या कंपनीनें तेथला एक कारखाना घेतला, पुढें डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गनें आपला उभारला. हायनकेन २०११ पासून मुंबईजवळ तळोज्यास होऊं लागली. खरोखर समुद्रावरून येणाऱ्या बाटलीवर भारी आयातकर बसतो. येथें केलेल्या बाटलीवर तो नाहीं, आणि नांव मात्र तेंच. जें बर्टनच्या विहिरीचें भाग्य होतें तें आतां कोणत्याही पाण्यास लाभूं शकतें. यंत्रानें पाण्यांतले सारे क्षार काढून टाकावयाचे, आणि मग हवे ते हव्या त्या मापानें परत घालावयाचे. कोपनहेगनचें पाणी येथें बनवितां येतें. सातू बहुधा राजस्थान-हरियाणाकडचा. परदेशांतून येतात तीं हॉप्सचीं फुलें, आणि नळीभर यीस्ट.

ही फसवणूक आहे काय? मला तसें वाटत नाहीं. कारागिरी तीच, प्रमाण तेंच, चवही बव्हंशीं तीच. माझ्या जिभेस तरी फरक कळत नाहीं. उलट दोनशें वर्षें जें पाणी पिंपांत भरून आणावें लागलें, तें आज आपल्या नदीचें आहे, यांत एक प्रकारचा अभिमानही मानतां येईल. परंतु पाणी परदेशचें असतांना जो प्रश्न कधीं उद्भवला नव्हता तो येथें उद्भवतो. एका लिटर बीअरसाठीं कारखान्यांत तीनपासून सहा लिटरपर्यंत पाणी खर्चीं पडतें. सातू भिजविणें, भांडीं धुणें, बाटल्या विसळणें, सारें त्यांत आलें. बर्टनच्या विहिरीशेजारीं कोणी हंडा घेऊन उभें नव्हतें.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यांत ज्यांनीं काढला त्यांस तो सांगावयास नको. लागोपाठ पावसानें दगा दिलेला. जायकवाडीचा उपयुक्त सांठा संपून मृतसांठ्यांतून पाणी उपसावें लागत होतें. आमच्या तालुक्याच्या शिवेवरून गोदावरी वाहते, म्हणजे वाहावयास हवी. त्या वर्षीं पात्रांत वाळू आणि डबकीं होतीं. शाळेंत मुलें कमी येत, कारण टँकरच्या रांगेंत घरचें कोणी तरी लागेच, आणि तें बहुधा पोरच असे. गैरहजेरीच्या रकान्यांत कारण लिहावयाची रीत आहे. मीं कित्येक दिवस त्या रकान्यांत एकच शब्द लिहिला, पाणी. एप्रिलच्या १२ तारखेस मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. दहा वाघिणी, पांच लाख लिटर. वर्तमानपत्रांतील तें छायाचित्र मीं वर्गांत भिंतीवर लावलें होतें. भूगोलाच्या पुस्तकांत नदी पाणी आणते असें होतें. मुलांनीं पाहिलें कीं तें रुळावरूनही येतें.

त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें प्रश्न आला: माणसांस आणि गुरांस पाणी नसतां मद्याच्या कारखान्यांस तें द्यावें काय? न्यायालयानें मद्य व बीअर यांच्या कारखान्यांचें पाणी आधीं निम्म्यानें आणि मे महिन्यापासून शेंकडा साठांनीं कापण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांसही कपात झाली, पण ती पुष्कळ कमी. कारखानदारांचें म्हणणें असें होतें कीं आमच्या पाण्यावर हजारोंची रोजी चालते आणि सरकारास मोठा महसूल मिळतो. तें खोटें नव्हतें. १८७८ पासून आजपर्यंत कोणत्याही सरकारानें अबकारीच्या उत्पन्नाकडे डोळेझाक केलेली नाहीं, आणि निजामानेंही केली नव्हती. दुसरें एक म्हणणें असें कीं मराठवाड्याचें पाणी बीअरपेक्षां ऊस फार अधिक पितो. बीअरवाल्यांस धरणें सोपें, ऊसवाल्यांस धरणें अवघड. हेंही खोटें नव्हतें. मीं स्वतः त्या दिवसांत यावर पुष्कळांशीं वाद घातला. बीअर पिणारा मास्तर म्हणून माझें मत कोणी फारसें जमेस धरीत नसत; पण आदेश योग्य होता असें मला तेव्हां वाटलें, आणि आजही वाटतें. ऊस सुटला म्हणून बीअरही सुटावी, हा न्याय नव्हे. पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क पिणाराचा. मी पिणारा म्हणतों तो पाणी पिणारा.

त्या उन्हाळ्यांत परमिट रूममध्यें एक गृहस्थ तावातावानें म्हणाले, "परदेशी कंपन्यांनीं आमची गोदावरी नेली." मीं त्यांच्या पुढ्यांतील बाटलीकडे पाहिलें. गोदावरी कोणी कोठें नेली नव्हती. ती पैठणाहून निघून, वाटेंत डॅनिश नांव धारण करून, मालमोटारींतून पालमास आली होती आणि त्यांच्याच पेल्यांत उतरली होती. नदीच्या वाटेनें मात्र ती आली नव्हती. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, मग हंसले, आणि पेला संपविला.

न्यायालयाच्या त्या आदेशाची मुदत जून महिन्यापर्यंत होती. मिरजेची पाण्याची गाडी लातुरास ऑगस्टापर्यंत येत राहिली.